श्वास रोखा

"श्वास घ्या. सोडा. घ्या. रोखा."
सव्वीस वर्षं मी एवढंच बोलले,
काचेच्या अलीकडून, माईकचं बटण दाबून,
एरंडवण्यातल्या तळघरात, जिथे दिवस उगवतो तो ट्यूबलाइटचा.

लोक मला चेहऱ्याने ओळखत नाहीत.
एकदा मंडईत कुणाची पिशवी उसवली, कांदे घरंगळले,
मी म्हटलं, "थांबा, हलू नका,"
तर वांगी निवडणारा भलताच माणूस जागच्या जागी थिजला.
मग हळूच वळून म्हणाला,
"बाई, तुम्ही त्या मशीनमधल्या का?"

रोखलेल्या श्वासांचा हिशेब माझ्यापाशी आहे.
मार्केट यार्डातले हमाल पठारे, पाठीवर दोन-दोन गोणी,
नळीत शिरले की नऊ सेकंद.
बुधवार पेठेतले बँडवाले इनामदार, एक्केचाळीस,
आणि बाहेर येऊन वर विचारतात, "पुन्हा घेऊ का?"
भोसरीच्या फाउंड्रीतले एक होते,
नाव विसरले, खोकला नाही विसरले.
चार. चारच्या पुढे कधी गेलेच नाहीत.
त्यांच्या यकृताची तीन भुतं उमटली एकावर एक,
ओल्या कागदावर शाई फुटावी तशी.
वर शेरा पडला : रुग्णाने सहकार्य केले नाही.
सही डॉक्टरांची. शेरा माझा.

मग पाषाणहून नौशीन तांबोळी यायला लागली.
पीएचडीचं चौथं वर्ष,
लॅपटॉपच्या पिशवीचा पट्टा काळ्या दोऱ्याने टाचलेला,
डब्यात आठवड्यातून चार वेळा मेथी.
म्हणाली, "कुणाला काही रोखायला सांगायचंच नाही, ताई.
चालू दे श्वास.
पोटातला पडदा वरखाली होतो, यकृत दोन बोटं सरकतं,
ते सरकणंच मोजायचं आपण.
आणि मशीन सगळं टिपतही नाही,
मधल्या ओळी सोडून देतं. त्या गणिताने बसवायच्या."
"म्हणजे गाळलेल्या जागा भरा?"
हसली. "तसंच. पण चुकीचं भरलं
तर मार्क पेशंटचे कापले जातात.
म्हणून तर चार वर्षं."

निरोगी माणसं हवी होती. मी सातवी.
मंगळसूत्र, क्लिपा, घड्याळ, सगळं ट्रेमध्ये.
नऊ वर्षं हे मशीन पुसतेय,
नळीच्या छताला चरा आहे हे झोपल्यावर कळलं.
ठकठक सुरू झाली, तांबट आळीत शिरल्यासारखी.
माईकमधून काहीच येईना.
मी वाट बघितली. कुणीतरी सांगेल.
कुणी सांगेना.
तेव्हा माझाच आवाज आला, आतून कुणी बटण दाबल्यासारखा :
रोखा.

आणि मी रोखला.
चार झाले. भोसरीचा खोकला तिथेच राहिला.
नऊ. पठारे मागे पडले.
पंधराला कानात माझं रक्त वाजायला लागलं,
सतराला मला हसू यायला लागलं,

"ताई! ताई, रेघ सपाट झालीय! श्वास घ्या ना!"

बाहेर आले तर पडद्यावर माझा श्वास,
लहान मुलाने काढलेल्या डोंगरांसारखा,
आणि मध्येच एक पठार.
"एकोणीस सेकंद," नौशीन म्हणाली. "हे काढून टाकावे लागतील."

मी विचारलं, "तुझं गणित जुन्या फोटोंवर चालेल?
आठ वर्षांपूर्वीच्या?"
"नाही ताई. कच्चा डेटा लागतो त्याला.
तो आपण ठेवत नाही. फक्त चित्र ठेवतो."

ती तक्ता भरत बसली.
स्वयंसेवक सात. वगळलेला वेळ, एकोणीस.
पुढच्या रकान्यात कारण लिहायचं होतं,
तिथे तिची बोटं थांबली. माझ्याकडे बघेना.
मी घड्याळ मनगटावर चढवलं, काटा बघितला,
म्हटलं, लिही :
सहकार्य केले नाही.